वडिलांच्या नावाचा रकाना

शाळेत नवे मूल दाखल करून घेताना जो छापील फॉर्म भरावा लागतो, त्यात मुलाच्या नावानंतर लगेच वडिलांच्या नावाचा रकाना येतो. काही वर्षांपूर्वी एक बाई आपल्या मुलाला घेऊन आमच्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी सारा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला आणि तेवढा एकच रकाना कोरा ठेवला. आम्ही त्यावर बोट ठेवून दाखवले. तेव्हा त्यांनी मुलाला बाहेर मैदानात पाठवले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, ते हयात आहेत. पण त्यांचे नाव याच्या मागे लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे." त्या गृहस्थांचे नाव गावात कशासाठी गाजत होते हे आम्हांस पुढे कळले, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या दिवशी आम्ही नियम पुढे केला आणि रकाना भरून घेतला. आपण केले ते योग्य होते की नाही, याची रुखरुख मात्र अजून गेलेली नाही.

या प्रसंगाची आठवण पुन्हा जागी झाली ती एका अगदीच अनपेक्षित निमित्ताने. ते निमित्त म्हणजे १९५० साली अमेरिकेत निघालेला 'द गनफायटर' हा कृष्णधवल चित्रपट.

घोडे, धूळ, रुंद काठांच्या टोप्या आणि ठो ठो गोळीबार यांचे जे अमेरिकी चित्रपट असतात, ज्यांना तिकडे 'वेस्टर्न' म्हणतात, त्यांच्याविषयी आपल्या घरांतून फारसे बरे मत नसते. मुलांनी ते शाळा चुकवून पाहायचे आणि वडीलधाऱ्यांनी न पाहताच नाके मुरडायची, अशी वाटणी जणू ठरून गेलेली आहे. खरे सांगायचे तर आम्हीही नाक मुरडणाऱ्यांतलेच. पण बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' आणि 'काळा पहाड' पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचणारी मंडळी आमच्या घरात होती, आणि पुढे तीच मंडळी उत्तम गृहस्थ निघाली हेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा एखाद्या प्रकारावर सरसकट काट मारणे बरे नव्हे, एवढे शहाणपण वयोमानाने आले.

'द गनफायटर' ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या संस्थेने काढला. दिग्दर्शक हेन्री किंग, निर्माता ननली जॉन्सन, नायक ग्रेगरी पेक. लांबी अवघी ८५ मिनिटांची. पश्चिमपट म्हटला की डोळ्यांसमोर येणाऱ्या डोंगरदऱ्या, गुरांचे तांडे, रेड इंडियनांचे हल्ले यांतले येथे जवळजवळ काही नाही. एक गुत्ता, त्यासमोरचा एक रस्ता, मार्शलची कचेरी आणि दोन-चार खोल्या एवढ्यातच बहुतेक चित्रपट संपतो. पार्श्वसंगीताचीही अशीच काटकसर आहे. (या गुत्त्याला तिकडे 'सलून' म्हणतात. आपल्याकडे त्या नावाच्या दुकानात माणूस दाढी करून बाहेर पडतो, तिकडे बहुधा त्याला उचलून बाहेर आणतात.)

जिमी रिंगो हा या कथेचा नायक. जॉन रिंगो नावाचा एक खरा गुंडही त्या मुलखात होऊन गेला. १८८२ साली ॲरिझोनात तो मृतावस्थेत सापडला. परंतु चित्रपटातल्या रिंगोने त्याच्याकडून नावापलीकडे फारसे काही घेतलेले नाही. हा रिंगो पस्तिशीचा आहे. आपल्याकडे त्या वयाला कोणी म्हातारपण म्हणणार नाही. पण पिस्तुलावर जगणाऱ्यांच्या धंद्यात पस्तीस म्हणजे उतारवयच. सर्वांत चपळ पिस्तूलबाज अशी त्याची ख्याती आहे आणि तीच त्याच्या जिवावर उठली आहे. तो ज्या गावी जाईल त्या गावी एखादा मिसरूड फुटलेला पोरगा त्याची वाटच पाहत असतो. रिंगोला मारले की रिंगोची कीर्ती आपली, एवढे एकच गणित त्या पोराला येत असते.

चित्रपटाचा आरंभच अशा एका पोराने होतो. एडी नावाचा हा तरुण गुत्त्यात रिंगोची कळ काढतो. रिंगो टाळाटाळ करतो, भोवतालच्या लोकांना विनवतो की याला कोणीतरी आवरा. शेवटी पोरगाच पिस्तूल उपसतो आणि मरतो. दोष त्याचा हे सगळ्यांनी पाहिलेले असते. तरीही रिंगोला तेथून निघावे लागते, कारण मेलेल्याचे तीन भाऊ सूड घ्यायला येणार. वाटेत तो त्यांची शस्त्रे काढून घेतो, घोडे उधळून लावतो, पण मारत मात्र नाही. भाऊ पाठलाग सोडत नाहीत. ते येऊन पोहोचण्याआधी जी थोडी घटका हाती आहे, तेवढ्यात त्याला एक काम उरकायचे आहे. केयेन नावाच्या गावी त्याची बायको आहे, आणि मुलगा आहे. त्या दोघांना त्याने कित्येक वर्षांत पाहिलेले नाही.

येथून पुढे सारी कथा त्या गुत्त्यात, भिंतीवरच्या घड्याळाखाली घडते. घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाची कथा म्हटली की जाणकारांना 'हाय नून' आठवतो. तो १९५२ सालचा, म्हणजे यानंतरचा. गुत्त्याचा मालक मॅक रिंगोला ओळखतो आणि आनंदून जातो, कारण आता धंदा जोरात होणार. हे काम कार्ल माल्डन या नटाने मोठे मजेशीर केले आहे. गावचा मार्शल मार्क स्ट्रेट हा रिंगोचा एके काळचा साथीदार. वेळीच तो मार्ग सोडून तो कायद्याच्या बाजूला आला. तो रिंगोला प्रेमाने, पण ठामपणे सांगतो की तू येथून जा. रिंगो म्हणतो, पेगीला भेटल्याखेरीज जाणार नाही. पेगी आता वॉल्श या आडनावाने राहते. ती कोणाची कोण हे गावाला ठाऊक नाही, आणि मुलालाही ठाऊक नाही.

पेगी त्या गावात शिक्षिका आहे. आमच्यासारख्याचे लक्ष येथे अंमळ जास्तच वेधले जावे हे स्वाभाविक आहे.

रिंगो गावात आल्याची बातमी फुटताच काय होते? शाळा रिकामी पडते! सारी मुले गुत्त्यासमोरच्या रस्त्यावर गोळा होतात. खिडकीच्या काचेला नाके लावून बसतात, एकमेकांच्या खांद्यांवर चढतात. लग्नाची वरात शाळेवरून जाऊ लागली की वर्गच्या वर्ग खिडकीकडे कसा झुकतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे चित्र किती खरे आहे ते सांगावे लागणार नाही. वर्षभर बाईंनी जे शिकवले ते सारे एका माणसाच्या कमरेच्या पिस्तुलापुढे फिके पडते. आणि तो माणूस बाईंचाच नवरा! त्या गर्दीत त्यांचा स्वतःचा मुलगाही आहे. त्याचेही नाव जिमीच. पोरे ज्याला डोळे फाडून पाहत आहेत तो आपला बाप आहे, याची त्याला कल्पना नाही. आणि आत बसलेल्या बापालाही त्या घोळक्यातले आपले पोर कोणते हे कळायला मार्ग नाही. या प्रसंगाला दिग्दर्शकाने कसलीही फोडणी दिलेली नाही. गर्दी आहे, काच आहे, आत एक थकलेला माणूस आहे, बस्स.

गुत्त्यात बसल्या बसल्या रिंगोची एका तरुण शेतकऱ्याशी गाठ पडते. त्याला घर आहे, जमीन आहे, वाट पाहणारी बायको आहे. तो एक पेला घेतो, चार गोष्टी बोलतो आणि घरी निघून जातो. कथेच्या दृष्टीने हा प्रसंग गाळला असता तरी काही अडले नसते. पण त्या मुलाकडे पाहणारे पेकचे डोळे आम्हांस कोणत्याही गोळीबारापेक्षा अधिक लक्षात राहिले.

गावातल्या प्रतिष्ठित स्त्रियांचे शिष्टमंडळ मार्शलच्या कचेरीत येते, तेथे नेमका रिंगोच बसलेला असतो, आणि त्याला न ओळखता त्या त्याच्यापुढेच त्याच्या बंदोबस्ताची मागणी करतात, हा भाग हसवणारा आहे. तो येथे सांगून त्यातली गंमत घालवणे बरे नव्हे.

मार्लो नावाच्या म्हाताऱ्याची हकीकत मात्र सांगितली पाहिजे. हा समोरच्या घराच्या खिडकीत बंदूक रोखून बसला आहे. आपला मुलगा रिंगोने मारला अशी त्याची समजूत आहे. रिंगो त्याला पकडतो आणि परोपरीने सांगतो की तुझ्या मुलाला मी मारलेले नाही. म्हातारा ऐकत नाही. जे खून आपण केले नाहीत तेही आपल्या खात्यावर जमा झालेले आहेत हे रिंगोला येथे कळते, आणि प्रेक्षकालाही. एक बाप मुलाला भेटायला आला आहे, दुसऱ्या बापाचा मुलगा परत येणार नाही. लेखकांनी या दोघांना समोरासमोर आणले, पण त्याविषयी एक शब्दही बोलून दाखवला नाही, हा त्यांचा समंजसपणा. विल्यम बॉवर्स आणि आंद्रे द टॉथ यांच्या या मूळ कथेला ऑस्कर पारितोषिकाचे नामांकन मिळाले होते.

शेवटी मॉली या जुन्या मैत्रिणीच्या रदबदलीने पेगी भेटायला येते. हेलन वेस्टकॉट या नटीने ही भूमिका अतिशय संयमाने केली आहे. रिंगो म्हणतो, दूर कुठेतरी जाऊ, जेथे मला कोणी ओळखत नाही तेथे लहानसे शेत घेऊ. अशी वचने पेगीने पूर्वीही ऐकली असणार. ती 'हो' म्हणत नाही, आणि 'नाही'ही म्हणत नाही. एक वर्ष नीट राहून दाखव, मग पाहू, अशा अटीवर ती येते. मुलाच्या भवितव्याशी खेळ नको म्हणून प्रेम आवरून धरणारी ही बाई आम्हांस फार आपलीशी वाटली.

आणि मग मुलाला बापापुढे आणले जाते.

कल्पना करा, वाचकहो. आठ-नऊ वर्षांचे पोर. ज्याच्या दर्शनासाठी सारा गाव लोटला, त्या माणसापुढे ते एकटे उभे आहे. मी तुझा बाप, हे सांगायचे नाही अशी अट आहे. आपल्याकडे रामायणात लव-कुश रामासमोर उभे राहून रामाचेच चरित्र गातात; मुले जाणत नाहीत की ऐकणारा आपला पिता आहे. तेथे पित्याची कीर्ती गाण्याजोगी होती. येथे मुलगा त्याच उत्साहाने पिस्तूलबाजांच्या गोष्टी काढतो, आणि बापाला स्वतःच्या कीर्तीची लाज वाटते. मुलाला जाणून घ्यायचे आहे की सर्वांत खंबीर, सर्वांत भारी माणूस कोणता. वायट अर्प का? रिंगोला त्या क्षणी स्वतःचे नाव घेता आले असते. मुलाने ते आयुष्यभर उराशी धरले असते. तो नाव घेतो ते मार्क स्ट्रेटचे, तुमच्या गावच्या मार्शलचे. ज्याने पिस्तुलाचा धंदा सोडला आणि जो रोज सकाळी मुलाला रस्त्यात दिसतो, त्या माणसाचे.

आमच्या मते सबंध चित्रपट या एका उत्तरासाठी काढला आहे. इतक्या वर्षांनी भेटलेल्या मुलाला देण्यासारखे रिंगोजवळ काही नाही. पैसा नाही, घर नाही, सांगण्याजोगी एक आठवणही नाही. तो आपली जागा दुसऱ्याला देतो, आणि मुलाच्या हे लक्षातही येत नाही. पेकने हा प्रसंग करताना आवाज चढवलेला नाही, की डोळ्यांत पाणी आणलेले नाही. पुढे १९६२ साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मध्ये ॲटिकस फिंच हा वकील बाप रंगवून याच पेकने ऑस्कर मिळवले. त्या आदर्श बापाचे कौतुक जगभर झाले. आमचे मन मात्र या नालायक बापापाशी जास्त रेंगाळते.

या भेटीपायी घड्याळाचा काटा पुढे सरकलेला असतो. ते तीन भाऊ गावात येऊन दबा धरतात आणि पकडलेही जातात. घात येतो तो निराळ्याच बाजूने. हंट ब्रॉम्ली नावाचा गावातलाच एक टवाळ पोरगा सकाळी रिंगोला आव्हान द्यायला आलेला असतो. रिंगोने त्याला नुसत्या धमकीवर परतवलेले असते: टेबलाखालून माझे पिस्तूल तुझ्या पोटावर रोखलेले आहे. त्याच्या हातात तेव्हा पिस्तूल नव्हतेच. तोच ब्रॉम्ली आता निघालेल्या रिंगोला पाठीत गोळी घालतो.

मरता मरता रिंगो मार्शलला सांगतो की पिस्तूल आधी मीच उपसले, याला फाशी देऊ नका. हे औदार्य आहे असे क्षणभर वाटते, पण ते तसे नाही. रिंगोला मारणारा म्हणून आता हा पोरगा जगणार. प्रत्येक गावात त्याच्यासाठी एक एडी वाट पाहत असेल, आणि त्याला कोठेही पाठ टेकून सुखाने बसता येणार नाही. जे आपण भोगले तेच रिंगो त्याच्या पदरात घालतो. यानंतर मार्शल स्ट्रेट त्या पोराला तबेल्यात नेऊन लाथाबुक्क्यांनी तुडवतो आणि गावाबाहेर हाकलतो. मिलर्ड मिचेल या शांत चेहऱ्याच्या नटाचा संताप येथे पाहण्यासारखा आहे. एक गोष्ट मात्र आम्हांस खटकली. आपल्या मुलाला या शापापासून दूर ठेवणारा बाप तोच शाप दुसऱ्याच्या मुलाला देतो. ब्रॉम्लीही कोणाचा तरी मुलगाच असणार. पण माणूस मरताना संत होतोच असे नाही, आणि लेखकांनी त्याला संत केले नाही हे एका परीने ठीकच झाले.

चित्रपट समीक्षकांना आवडला, पण धंदा बेताचाच झाला. पेकने त्या काळाला शोभतील अशा खऱ्याखुऱ्या जाड मिशा ठेवल्या होत्या, आणि त्या मिशांमुळेच आपले नुकसान झाले असे फॉक्सचे अध्यक्ष स्पायरॉस स्कुरस म्हणत असत, असे सांगतात! ही भूमिका जॉन वेनला हवी होती, परंतु कोलंबिया संस्थेच्या हॅरी कोनशी त्याचे वाकडे असल्याने ती हुकली, असेही म्हणतात. त्याची भरपाई म्हणायची की काय कोण जाणे, वेनचा अखेरचा चित्रपट, १९७६ सालचा 'द शूटिस्ट', अशाच एका म्हाताऱ्या पिस्तूलबाजाचा आहे. त्यात पोटचा मुलगा नाही. ज्या विधवेच्या घरी तो मरायला येऊन राहतो तिचा मुलगा त्याच्या पिस्तुलावर भाळतो. नायकाला कर्करोग झालेला, आणि स्वतः वेनही १९७९ साली त्याच रोगाने गेला.

बाप-लेकाच्या दुराव्याचा आणखी एक लहानसा कृष्णधवल पश्चिमपट १९५७ सालचा, 'द लोनली मॅन'. त्यात जॅक पॅलन्स बाप आणि अँथनी पर्किन्स मुलगा. तेथे मुलगा मोठा आहे, आईच्या मरणाला बापच कारण झाला असे धरून बसला आहे, आणि बापाची दृष्टी जात चालली आहे. पॅलन्सचा दगडी चेहरा पाहण्यासारखा, पण कथा फार पसरते. 'द गनफायटर'चा नेमकेपणा त्यात नाही.

आता शेवटाविषयी. आमच्या घरात याच्यावरून वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

रिंगोच्या अंत्यविधीला देऊळ गच्च भरते. जो माणूस गावात नको होता त्याला निरोप द्यायला सारा गाव लोटला आहे. पेगी मुलाचा हात धरून दाराशी येते. आत जागा नाही. तेव्हा ती आपली ओळख सांगते: मी मिसेस जिमी रिंगो. वाट मोकळी होते आणि मायलेक सगळ्यांच्या देखत आत चालत जातात. त्यानंतर पडद्यावर दिसते ती मावळतीकडे घोड्यावरून जाणाऱ्या एका माणसाची काळी आकृती.

आमचे म्हणणे असे की बाईने हे करावयास नको होते. बापाने मरणापूर्वी ज्या एका गोष्टीसाठी जिभेवर ताबा ठेवला, ती आईने भर सभेत सांगून टाकली. उद्या त्या पोराला वर्गात कोणी सुखाने बसू देईल काय? आज बाकावरचा सोबती त्याच्याकडे आदराने पाहील, आणि दहा वर्षांनी कोणी दुसरा ब्रॉम्ली त्याला पिस्तूल उपसायला लावील. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे अगदी उलट. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षे तिने नवरा असून नसल्यासारखे दिवस काढले. मेल्यावर तरी त्याला आपला म्हणायचे नाही का? आणि मुलाला आज ना उद्या कळणारच होते. ते गुत्त्यातल्या एखाद्या दारुड्याकडून कळण्यापेक्षा आईचा हात हातात असताना कळलेले बरे."

आम्ही यावर उत्तर शोधीत होतो, तोच त्यांनी विचारले, "तुमच्या शाळेतल्या त्या मुलाचे पुढे काय झाले?"

तो मुलगा दहावी होऊन गेला. दाखला न्यायला आला तेव्हा उंचीने आमच्याहून वाढलेला होता. लिपिकाने नेहमीप्रमाणे दाखला वाचून दाखवला. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख. मुलाने मान डोलावली, सही केली, कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. फाटकाशी त्याची आई उभी होती. त्याने तेथेच तो कागद काढून तिला दिला. तिने तो उघडून वाचला आणि पुन्हा त्याच्याच हातात ठेवला.